खाडाखोडीवरची सही

"भल्या पाटेचं कुठं निघालीस गो?" गंगाबाईंनी चुलीपुढूनच विचारलं.

"ऑडिटला," दीपाली म्हणाली आणि चपलेचा पट्टा लावायला खाली वाकली. सासूशी खोटं बोलताना खाली वाकायला काही तरी निमित्त असलं की बरं पडतं.

"रत्नांगिरीत?"

"नाही, कोल्हापूरला. संध्याकाळी उशीर होईल. सानवीला शाळेची बस आली की हाक मारा, नाहीतर ती झोपून राहील."

"आता कोल्लापूरची पार्टीपन धरलीस? बरं झालं." गंगाबाई पदराला हात पुसत ओटीवर आल्या. त्यांच्या हातात नारळ होता. गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटवीतला तो शेवटचा नारळ. बाकीचे मुंबईकर पाहुण्यांच्या पिशव्यांतून गेल्याच आठवड्यात भांडुप-विरारला पोचले होते. "ह्यो घे. देवाचा हाय. पार्टीच्या हातात दे. पयल्यांदा जातीस, रिकाम्या हातानं नको जाव."

नारळ नाकारायचा म्हणजे कारण सांगावं लागलं असतं. दीपालीने तो पिशवीत टाकला. पिशवीत आधीपासून प्रवेशपत्र, तीन काळी पेनं, कॅल्क्युलेटर आणि पाण्याची बाटली होती. वळणावर सव्वासहाची कोल्हापूर गाडी दिसली तशी ती धावत सुटली. तिच्या पाठीवर नारळ दर पावलाला दणके देत होता.

वय वर्षे अडतीस, मुक्काम पाली, नोकरी रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ आठल्ये सरांच्या ऑफिसात, आणि आज सीए फायनलच्या दुसऱ्या ग्रुपचा पहिला पेपर. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक मुंबईला कारखान्यात असलेला तिचा नवरा संदेश आणि दुसरे स्वतः आठल्ये सर. बाकी गावाच्या लेखी दीपाली मांडवकर सीए होऊन अकरा वर्षं झाली होती. फक्त इन्स्टिट्यूटला ते अजून मान्य नव्हतं.

त्याचं झालं असं, की अकरा वर्षांपूर्वी ती पहिला ग्रुप पास झाली. बातमी पालीच्या नाक्यावर पोचेपर्यंत तिच्यातला 'पहिला ग्रुप' गळून पडला आणि नुसतं 'पास झाली' उरलं. ग्रामपंचायतीने शाल दिली. माइकसमोर ती म्हणाली, "अजून अर्धं बाकी आहे," पण लोकांनी तो विनय समजून टाळ्या वाजवल्या. पुढे दोनदा दुसरा ग्रुप दिला, दोनदा गेला. मग सानवी झाली. मग सासऱ्यांचं अंग लुळं पडलं, ते पाच वर्षं तसेच अंथरुणावर होते. ते गेले तोवर पुस्तकं बदलली होती, अभ्यासक्रम दोनदा बदलला होता आणि दीपालीचं ऑफिसातलं काम इतकं वाढलं होतं, की आता परीक्षा कशाला, असं तिचं तिलाच वाटायला लागलं होतं. रस्त्यात कोणी "काय सीए मॅडम" म्हटलं की ती हसायची. ते हसणं तिला आवडत नसे, पण दुसरं काय करावं हेही सुचत नसे.

ऑफिसात सगळं काम तिचं होतं. पार्टीकडे जाणं, वह्या बघणं, चुका काढणं, रिपोर्ट लिहिणं. शेवटी सरांच्या टेबलावर कागद जायचे, सर शब्द न् शब्द वाचायचे आणि सही करायचे. तिची म्हणून जी सही होती ती एकाच अक्षराची होती, 'दी'. खाली एक छोटी रेघ. ती फक्त एकाच ठिकाणी चालायची, खाडाखोडीवर.

हा सरांचा दंडक होता. त्यांच्या ऑफिसात व्हाइटनरची बाटली कधी आली नाही. आर्टिकलशिपच्या, म्हणजे उमेदवारीच्या, पहिल्या महिन्यात दीपालीने एक चुकलेला आकडा ब्लेडने हळूच खरवडला होता. सरांनी कागद उजेडात धरला आणि आवाज न चढवता म्हणाले, "अगो, चुकलीस त्याचं काही नाही. पण ते लपवलंस कशाला? एका रेघेने खोडायचं, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही. उद्या कोणी विचारलं हे कोणी खोडलं, तर सांगायला माणूस हवं की नको?" ते पान तिने पुन्हा लिहिलं. त्यानंतर सतरा वर्षांत तिने हजारो आकडे खोडले असतील, पण सहीशिवाय एकही नाही.

यंदा मे महिन्यात सरांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं. एरवी ती उभ्यानेच बोलायची.

"डोळ्यांचा पडदा गेलाय माझा," सर म्हणाले. "डॉक्टर म्हणतो डिसेंबरपर्यंत कसंबसं वाचाल. चिपळूणचे लोक मागेच लागलेत ऑफिस द्या म्हणून. मी त्यांना डिसेंबर सांगितलाय. तोवर तू पास झालीस तर बोर्ड तुझा, अशील तुझे, खुर्चीही हीच. नाही झालीस तर मला त्यांनाच द्यावं लागेल. न वाचता सही मी करणार नाही."

"सर, माझं आता वय..."

"वयाचं मला सांगू नकोस. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. फॉर्म भर."

तिने फॉर्म भरला. केंद्र कोल्हापूर निवडलं, कारण घाटाच्या पलीकडे तिला ओळखणारं कोणी नव्हतं. चार महिने ती पहाटे चारला उठली. गणपतीत घरात बावीस माणसं होती, तेव्हा तिने तांदळाच्या पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून कायद्याच्या कलमांचा कागद चिकटवला होता. दर मोदकाला एकदा झाकण उघडायची. मोठ्या नणंदेने विचारलंसुद्धा, "वयनी, पीठ पळून जातंय काय गो सारखं बघायला?"

आंबा घाट ओलांडून ती कोल्हापूरला पोचली. केंद्रावर सगळी पंचविशीच्या आतली मुलं. तिला पाहून दोघांनी वाट दिली आणि एकीने विचारलं, "मॅडम, आमचा ब्लॉक कुठे आहे?" दीपालीने फळ्यावर पाहून तिला ब्लॉक सांगितला आणि मग स्वतःचा शोधला.

पेपर इन्कम टॅक्सचा होता. पहिली दहा मिनिटं अक्षर नीट येईना. ती लिहायची ते आता फार तर दोन-चार ओळी, बाकी सगळं संगणकावर. पण गाडी एकदा रुळावर आली आणि मग तिला गंमत वाटायला लागली. प्रश्नातली कंपनी तिला ओळखीची वाटली. असल्या चलाख्या करणारी बर्फाची फॅक्टरी तिने दाभोळला स्वतः तपासली होती. अधूनमधून एखादा आकडा चुकला, तिने खोडला, पुढे गेली. बोटं दुखायला लागली तशी ती मांडीवर झटकायची आणि पुन्हा लिहायची. साडेचार वाजले तेव्हा तिचा एकच प्रश्न बाकी होता, सहा मार्कांचा, धर्मादाय ट्रस्टच्या उत्पन्नाचा. हेदवीकडच्या एका छोट्या देवस्थानाचं रिटर्न ती दर वर्षी भरत होती. हा प्रश्न तिला झोपेतही आला असता.

म्हणून ती आधी मागची पानं तपासायला गेली. हीसुद्धा ऑफिसची सवय. बेरीज पुन्हा मारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चौथ्या पानावर खोडलेल्या आकड्याशेजारी 'दी' होतं.

तिला आधी काहीच वाटलं नाही. ते तिथे असायचंच. मग लक्षात आलं, हे ऑफिस नव्हे. तिने भराभर पानं उलटली. सातव्या पानावर 'दी', नवव्यावर दोन, अकराव्यावर एक. इंग्रजी उत्तरांच्या रांगेत ठसठशीत देवनागरी अक्षर, खाली छोटी रेघ. उत्तरपत्रिकेच्या कव्हरवरची सूचना तिने दुपारी दोनदा वाचली होती. आत कुठेही नाव, सही, खूण करू नये, केल्यास तो गैरप्रकार धरला जाईल.

तिने पेन उचललं आणि चौथ्या पानावरचं 'दी' एका रेघेने खोडलं. आणि तिच्या हाताने, तिला न विचारता, त्या रेघेच्या बाजूला सही केली. दी.

दीपाली त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली. तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. सतरा वर्षं एवढी एकच गोष्ट ती कधी चुकली नव्हती, आणि आज तीच नडली होती.

चार पस्तीस. तिने हात वर केला.

पर्यवेक्षक बाई कुठल्या तरी कॉलेजातल्या प्राध्यापिका असाव्यात. चष्मा कपाळावर सरकवून त्या वाकल्या. दीपालीने पानं दाखवली आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

"एवढंच व्हय?" बाई कुजबुजल्या. "अहो, गिरगटून टाका की ते. कोण बघतंय? तपासणाऱ्याला वाटंल शाई सांडली."

"गिरगटलं तर ते लपवलंय असं दिसेल."

"मग तसंच ऱ्हाऊ द्या. शंभर पेपर तपासतोय त्यो, त्याला काय पडलंय? उगं कालवा करू नका. तुम्ही मला दाखवलं नाही, मी बघितलं नाही. लिहा तुमचं पुढचं, वेळ जायला लागलाय."

बाई मनापासून बोलत होत्या. दीपालीला ते कळलं. पण तिच्या डोळ्यांपुढे पार्ट्या आल्या. टेबलापलीकडे घाम पुसत बसलेले सोसायटीचे सेक्रेटरी, दुकानदार, ट्रस्टी. त्यांना ती वर्षानुवर्षं एकच वाक्य ऐकवत आली होती, की तुम्ही आपणहून सांगितलंत तर मी चूक लिहीन, मला शोधावं लागलं तर लबाडी लिहीन. किती जणांना तिने रडवलं होतं ह्या वाक्यावर. आता तेच वाक्य तिच्यासमोर येऊन बसलं होतं.

"बाई, तुम्ही नोंद करून घ्या," ती म्हणाली. "मला लेखी द्यायचंय."

"अहो, पेपर रद्द झाला तर?"

"झाला तर झाला."

हे ती म्हणाली खरी, पण झाला तर ऑफिस गेलं, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

केंद्रप्रमुख आले. त्यांनी आधी नियमाचं पुस्तक मागवलं, मग कोरा कागद मागवला. तिने कुठल्या पानावर किती सह्या, त्या का झाल्या, सगळं क्रमाने लिहून दिलं. त्या कागदावर सही करायला मात्र तिला सांगण्यात आलं. केंद्रप्रमुखांनी पानं मोजली, पर्यवेक्षक बाईंनी साक्षीदार म्हणून सही केली. ती जागेवर येऊन बसली आणि ट्रस्टच्या प्रश्नाचा नंबर लिहून खाली रेघ मारली, तेवढ्यात घंटा झाली.

घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजून गेले. गंगाबाईंनी पिशवी उचलून बघितली.

"नारळ परत आणलास?"

"त्यांच्याकडे घेत नाहीत काही," दीपाली म्हणाली. तेवढं तरी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं. त्यांची नजर तिच्या चेहऱ्याच्या थोडी डावीकडे लागली होती. हल्ली मधलं त्यांना दिसत नसे, कडेचं दिसे.

"ती खोड माझी," ते म्हणाले.

"तुमची कशी सर? हात माझा होता."

"पुढचे पेपर देणार आहेस ना?"

"हो."

"मग आज ऑफिसात काय करतेस? घरी जा, अभ्यास कर."

उरलेले दोन्ही पेपर तिने दिले. दोन्ही वेळा डाव्या तळहातावर पेनाने एक फुली मारून बसली. खोडायची वेळ आली की आधी फुलीकडे बघायची. माटवीचा तो नारळ दोन्ही खेपांना घाट चढला आणि उतरला. पार्टी फारच कडक आहे, असं गंगाबाईंनी शेजारी सांगून टाकलं.

नोव्हेंबरात आधी पत्र आलं आणि मग निकाल. पत्रात लिहिलं होतं, की उमेदवाराने स्वतःहून दिलेला खुलासा मान्य करण्यात येत आहे, यापुढे काळजी घ्यावी. दीपालीने ते पत्र ऑफिसच्या जिन्यातच तीनदा वाचलं आणि खाली बसून पोटभर रडली. तिला वाटलं, सुटले. कित्येक वर्षांत ती इतकी मोकळी रडली नव्हती.

निकाल चार दिवसांनी लागला. दोन पेपरांत अठ्ठावन्न आणि बासष्ट. इन्कम टॅक्समध्ये अडतीस. पास व्हायला चाळीस लागतात.

सरांना तिने आकडे वाचून दाखवले, कारण त्यांना स्क्रीन दिसत नव्हता.

"अडतीस," सर म्हणाले. "राहिला होता तो प्रश्न कितीचा?"

"सहाचा."

"येत होता?"

"हो सर."

सर खिडकीकडे वळले. खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते. कोणीतरी कोणाला तरी आईवरून बोललं आणि एरवी सरांनी खिडकी लावून घेतली असती, पण आज ते तसेच उभे राहिले.

"त्या बाईचं ऐकलं असतंस तर चव्वेचाळीस झाले असते," ते म्हणाले.

"हो."

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय ना सर. फार वाटतंय." ती म्हणाली. "पण पुन्हा तसंच झालं तर पुन्हा हात वर करीन. त्याचंच जास्त वाईट वाटतंय."

सर हसले. मग त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने उगाचच पुसत बसले. त्या चष्म्याचा त्यांना आता काही उपयोग नव्हता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिस चिपळूणच्या फर्मकडे गेलं. सरांनी त्यांना एकच अट घातली, की दीपालीला काढायचं नाही. बोर्ड उतरवायला सर आले नाहीत. त्यांच्या पत्नी कमलाताई येऊन तो चादरीत गुंडाळून रिक्षातून घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "माळ्यावर ठेवीन हो. ते म्हणतात पत्रा चांगला आहे, रंगवून पुन्हा वापरता येईल."

नवीन साहेबांचं नाव ऋत्विक. वय तीस. वागायला बरा होता. पहिल्या दिवशी त्याने जुन्या फायली मागवल्या आणि दुपारपर्यंत चाळत बसला. मग बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, एक विचारू? प्रत्येक फायलीत खाडाखोडीवर 'दी' आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या फायली आहेत. हे दी कोण?"

"मी," दीपाली म्हणाली.

"सगळ्या तुम्ही केल्यात?"

"हो."

तो फाइल घेऊन आत गेला. संध्याकाळी निघताना त्याने तिला 'येतो मॅडम' म्हटलं. सकाळी नुसतंच 'हॅलो' म्हणाला होता.

जानेवारीत पहाटे पालीत चांगलीच थंडी पडते. गंगाबाई चुलीपुढे शेकत बसल्या होत्या.

"कुठं निघालीस गो? ऑडिटला?"

दीपाली चपलेकडे वाकली नाही. उभी राहून म्हणाली, "परीक्षेला."

"कसली परिक्षा?"

"सीएची. मी अजून सीए नाही झालेली, आई. अर्धीच झालेय. गणपतीनंतर गेले होते तीही परीक्षाच होती. दोन मार्कांनी गेली."

गंगाबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. वाडीत कोणाकोणाला काय काय सांगितलं होतं, ते त्या बहुतेक आठवत असाव्यात.

"मंग नारळ पार्टीला नव्हता तर," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"मेले, आदी सांगायचंस ना! देवाला सांगितलं असतं नीट. मी आपली पार्टीसाठी मागत बसले." त्या उठल्या, आतून वाटीत दही आणलं आणि तिच्या तळहातावर घातलं. "जा. सानवीला मी उठवते. आणि आता मला कोनी विचारलं तर काय सांगू?"

"परीक्षेला गेली सांगा."

"ह्या वयात?"

"ह्याच वयात सांगा."

केंद्र तेच होतं, ब्लॉक वेगळा. घंटेआधी दहा मिनिटं पर्यवेक्षक हजेरीचा तक्ता घेऊन रांगेतून फिरले. दीपालीच्या बाकाशी थांबून त्यांनी बोटाने चौकोन दाखवला. "इथं सही करा. फक्त इथंच."

चौकोन लहान होता. तिच्या पेनाने सवयीने 'दी' काढलं आणि खालच्या रेघेसाठी ते वळलं. तिने ते थांबवलं. मग पुढची अक्षरं लिहिली, बारीक आणि सरळ, चौकोनाच्या कडेपर्यंत, दीपाली संदेश मांडवकर. पर्यवेक्षकांनी तक्ता पुढच्या बाकावर नेला. तिने पेन खाली ठेवलं, तळहातावर फुली मारलेली आहे ना ते एकदा पाहिलं, आणि घंटेची वाट बघत बसली.